ज्येष्ठांसाठी व्यवसायोपचार: आजार नसतानाही उपयोग होतो का?

प्रश्न
माझी आई ७६ वर्षांची असून बाबांच्या निधनानंतर पुण्यात एकटीच राहते. रक्तदाब सोडल्यास तिला कोणतीही तक्रार नाही. मात्र गेल्या दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरल्यापासून तिने एकेक काम सोडून दिले आहे. आधी देवळात जाणे थांबले, मग भाजी आणणे, आणि आता दोन्ही वेळचा डबा येतो. डॉक्टरांनी व्यवसायोपचार तज्ज्ञांना दाखवण्यास सुचवले, तेव्हा “या वयात मला कसला व्यवसाय शिकवणार?” असे म्हणून आईने विषय संपवला. फिजिओथेरपीपेक्षा यात वेगळे काय असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (व्यवसायोपचार तज्ज्ञ)
आपल्या आईंची शंका रास्त आहे. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे, तर अंघोळ, स्वयंपाक, पूजा, बँकेत जाणे अशी माणसाचा दिवस भरणारी सगळी कामे. गुडघ्यांची ताकद वाढवणे हे फिजिओथेरपीचे काम. आहेत त्या गुडघ्यांनिशी ओट्यापाशी अर्धा तास कसा निभवायचा, हे आम्ही पाहतो. विषय आपल्याकडे नवाही नाही, कारण कमला निंबकर यांनी १९५० मध्येच मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे प्रशिक्षण सुरू केले होते.

आजार नसलेल्यांबाबत लॉस एंजेलिसमधील अभ्यास बोलका आहे. तेथे स्वतंत्र राहणाऱ्या, साठीपुढच्या ३६१ जणांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला, दुसऱ्यासाठी सहली आणि खेळ होते, तिसऱ्याला काहीच नव्हते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रकृती आणि जीवनमान या दोन्ही बाबतींत पहिल्या गटाला लाभ झाला, तर खेळ-सहलींच्या गटाची स्थिती काहीच न मिळालेल्यांहून फारशी वेगळी नव्हती. म्हणजे आईंना नुसते एखाद्या मंडळात पाठवून भागणार नाही. त्यांचा स्वतःचा दिवस तपासावा लागेल.

प्रतिसाद २
आमच्या सासूबाईंकडे आलेल्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी पहिल्या दिवशी व्यायाम सांगितलाच नाही. “मला चहा करून द्याल का?” असे विचारून त्या स्वयंपाकघरात नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि तो काढण्यासाठी सासूबाई टाचा उंचावून एका हाताने ओटा धरत होत्या. डबा खाली आला, न्हाणीघरापुढचे सरकणारे पायपुसणे गेले, आणि कमोडशेजारी दांडा कोठे हवा हे त्यांना चार वेळा बसवून-उठवून ठरवले गेले. आमच्या प्लंबरने तो नळाच्या सोयीने ठोकला असता. आम्हीच मायेपोटी त्यांच्या हातातली कामे काढून घेत होतो, हे ऐकणे मात्र जड गेले.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मग डबा लगेच बंद करावा काय?

प्रतिसाद १
दोन्ही वेळचा नको. रात्रीचा बंद करून आईंना फक्त कुकर लावू द्यावा आणि भाजी बसून चिरता येईल अशी उंच खुर्ची ओट्यापाशी ठेवावी. तत्पूर्वी डोळे तपासून घ्यावेत आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.