मदत हवी आहे: एक्सेलच्या स्लायसरची बटणं, रंग आणि कापली जाणारी मराठी अक्षरं

मार्केट यार्डातल्या गूळ आवकेची शीट आहे, एक्सेल २०१९. टेबलला 'प्रत' (गुळाचा दर्जा) आणि 'रव्याचं वजन' (रवा म्हणजे गुळाची ढेप) असे दोन स्लायसर, म्हणजे टेबल फिल्टर करायच्या बटणांच्या चौकटी, लावलेत. बटणांचा निळा रंग कसा बदलायचा? राइट क्लिक केलं तर फिल कलर दिसतच नाही. मराठी नावांचे उकार खालून कापले जातात. शिवाय वजनं १ किलो, १० किलो, ३० किलो, ५ किलो अशा क्रमानं येतात. कृपया सांगा.

प्रतिसाद १
रंग फक्त स्टाइलमधून बदलतो. स्लायसर निवडा, वर आलेल्या टॅबमध्ये स्लायसर स्टाइल्स उघडा, एका स्टाइलवर राइट क्लिक करून डुप्लिकेट घ्या. मूळ स्टाइल बदलता येत नाही. मग उघडलेल्या यादीतून 'सिलेक्टेड आयटम विथ डेटा' (निवडलेलं बटण) निवडून फॉरमॅट, फिल गडद तपकिरी, अक्षरं पांढरी. 'अनसिलेक्टेड आयटम विथ डेटा'ला (न निवडलेलं बटण) गुळासारखा फिकट पिवळा छान दिसेल. 'हॉवर्ड'नं सुरू होणारे चार घटकही बदला, नाहीतर माउस नेला की जुनाच रंग उमटतो. आणि ओके दाबल्यावर स्टाइल आपोआप लागत नाही! गॅलरीत वर 'कस्टम'खाली ती दिसेल, तिच्यावर क्लिक करा.

उकारांचं कारण बटणाची उंची. स्टाइलमध्ये 'होल स्लायसर'चा फॉन्ट निर्मला यूआय, १० ठेवा. मंगल असेल तर ओळीला जास्त जागा लागते. मग त्याच टॅबवरच्या बटन्स गटात हाइट ०.८ सेंमीपासून वाढवत न्या. वजनाची चारच बटणं आहेत, कॉलम्स ४ केलेत तर एका ओळीत बसतील.

प्रतिसाद २
क्रम चुकतो कारण 'किलो' लिहिल्यामुळे आकड्याचा मजकूर झाला. रकान्यात नुसता आकडा ठेवा आणि एकक शीर्षकात घ्या: 'रवा, किलो'. प्रतीचा क्रम मात्र तुमच्या पद्धतीनं हवा असेल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये अगदी खाली एडिट कस्टम लिस्ट्स आहे. तिथं यादी भरा आणि स्लायसर सेटिंग्जमध्ये 'यूज कस्टम लिस्ट्स'वर खूण आहे ना बघा. तरी क्रम जुनाच राहिला तर स्लायसर काढून पुन्हा घाला.

स्लायसर टेबलच्या शेजारी असेल तर फिल्टर लावताच ओळी लपतात आणि तोही दबतो. साइझ अँड प्रॉपर्टीजमध्ये 'डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स' निवडा.

प्रश्नकर्ता
रंग आणि उकार जमले. हीच स्टाइल दुसऱ्या फाइलमध्ये कशी न्यायची?

प्रतिसाद १
स्टाइल त्या फाइलपुरतीच असते. हा स्लायसर असलेल्या शीटची कॉपी मूव्ह ऑर कॉपीनं दुसऱ्या फाइलमध्ये न्या. स्टाइल सोबत जाते. तिथल्या स्लायसरला ती लावली की आणलेली कॉपी काढून टाका.