कॅथलिक शाळेतला शिक्षक: पाचारण मोठं, पगार लहान?

खडूफळा:
शिकवणं हे पाचारण आहे, म्हणजे देवाने बोलावून सोपवलेलं काम आहे, यावर माझा वाद नाही. राग याचा आहे की त्याची आठवण पगारवाढ मागितल्यावरच करून दिली जाते. पूर्वी सिस्टर, ब्रदर, फादर शिकवायचे. त्यांचं जेवणखाण, आजारपण, म्हातारपण त्यांचा संघ बघायचा. आज कॅथलिक शाळांत शिकवणारे बहुसंख्य प्रापंचिक, म्हणजे व्रत न घेतलेली साधी माणसं आहेत. घरभाडं आहे, पोरं आहेत. त्यांनी मात्र व्रतस्थांसारखं राहावं! शाळांमधल्या प्रापंचिकांविषयी व्हॅटिकनने १९८२ साली काढलेल्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय: नीट करार हवा, आणि सन्मानाने जगता येईल, जोडधंदा शोधावा लागणार नाही एवढा पगार हवा. व्यवस्थापनाच्या बैठकीत हे पान कोणी वाचत नाही.

जुनाजाणता:
वाचतो हो. पण पैसा बहुतेक ठिकाणी फीमधूनच येतो. फी वाढली की आधी गरिबाचं मूल बाहेर. योसेफ कालासान्झने १५९७ मध्ये रोममध्ये फुकट शाळा काढली ती कोणासाठी? जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणावरचा १९६५ चा जाहीरनामाही गरिबांची, घरचा आधार नसलेल्यांची, श्रद्धा नसलेल्यांची विशेष काळजी घ्यायला सांगतो. श्रीमंतांसाठी उत्तम शाळा कोणीही चालवेल, त्यासाठी ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, कशाला यायचं? फ्रान्समध्ये गरिबांसाठी शाळा काढणाऱ्या फादर ला सालने काय केलं ते आठवा.

खडूफळा:
बरं झालं नाव काढलंत. त्याच्या शिक्षकांना उद्याची चिंता होती आणि तो त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगत होता. त्यांनी तोंडावर सुनावलं की तुम्हाला बोलायला काय जातंय, शाळा बुडाल्या तरी तुमची मिळकत शाबूत आहे. खरंच होतं ते. माणूस घरचा श्रीमंत, वर रँसच्या कॅथेड्रलमधलं कॅननपद, म्हणजे धर्मगुरूचं मानाचं, मिळकतीचं पद. १६८३ मध्ये त्याने ते पद सोडलं आणि पुढे संपत्तीही वाटून टाकली. असा एक व्यवस्थापक दाखवा.

जुनाजाणता:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती संपत्ती त्याने शाळांच्या नावे ठेवली नाही, दुष्काळात भुकेल्यांना खाऊ घालण्यात संपवली. शिक्षकांचा पगार काही वाढला नाही. तो स्वतः त्यांच्यात जाऊन बसला.

खडूफळा:
तेच तर म्हणतोय! या, बसा.

शंकासूर:
तुम्ही दोघं पगारावरच अडलात. कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम ८०३ म्हणतं की शिक्षकाची शिकवण शुद्ध आणि चारित्र्य चोख हवं. ते मोजणार कोण? २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोन कॅथलिक शाळांतल्या शिक्षिकांचे दावे होते. एकीचं म्हणणं, कर्करोग झाल्याचं सांगितल्यावर काढलं. दुसरीचं, वयामुळे. त्या मुलांना धर्म शिकवत होत्या, म्हणून शाळेवर असा दावा चालणार नाही असं न्यायालयाने ठरवलं. आरोप खरे की खोटे, हे तपासायची वेळच आली नाही. पाचारण जितकं थोर, तितकं संरक्षण कमी, असा हा उफराटा न्याय.

जुनाजाणता:
मग धर्म कोणी शिकवायचा हे सरकारने ठरवायचं का? न्यायालयाने शाळांना मोकळीक दिली, अन्याय करायला सांगितलं नाही.

शंकासूर:
मोकळीक कशी वापरली जाते यावरच तर चर्चा चालू आहे.

भौतिकवाली:
मी कॅथलिक नाही, पण कॅथलिक शाळेत शिकवते. २०२२ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार माझ्यासारख्यांनी शाळेचं कॅथलिक स्वरूप ओळखून त्याचा आदर राखायचा असतो. तेवढं मी मनापासून करते. पण आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, असं पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये लिहिलं, ते फक्त आम्हा शिक्षकांनाच लागू आहे का? धर्माच्या तासाला न्यायावर धडा, आणि तो शिकवणारी बाई वर्षानुवर्षं हंगामी. मुलांना हे कळत नाही असं समजू नका. सफाईवाल्या मावशींशी कोण कसं बोलतं हेसुद्धा त्यांना पाठ असतं.

जुनाजाणता:
हंगामी नेमणुकांचं समर्थन मी करणार नाही. फीचं गणित मात्र तुमच्यापैकी एकानेही सोडवलेलं नाही.

खडूफळा:
जमाखर्च शिक्षकांसमोर ठेवा, बसून सोडवू. आकडे तुमच्या कपाटात आणि गणित आम्ही सोडवायचं, हे कसं जमणार?