बोडीच्या काठी चरणाऱ्या गाईंना कोणते जंतनाशक द्यावे आणि केव्हा?

प्रश्न – धानवाला, लाखनी (जि. भंडारा)

माझ्याकडे दोन संकरित गाई, एक म्हैस आणि तिचे आठवड्याचे पारडू आहे. धानकापणीनंतर जनावरे बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) आणि बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, काठी चरतात. एका दुभत्या गाईच्या जबड्याखाली सूज आली असून तिचे शेण बऱ्याच दिवसांपासून पातळ आहे. दुसरीला गेल्या महिन्यात कृत्रिम रेतन केले. शेजारी सर्वांनाच आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन द्यायला सांगतात, तर दुकानदार अल्बेंडाझोल देतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर – निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

आधी सूज पाहावी. ती गरम व कडक असेल आणि सोबत ताप व घशाची घरघर असेल, तर घटसर्पाची शंका धरून त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. गार, मऊ आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहणारी सूज असेल, तर आपल्या तलावांच्या भागात पहिला संशय चपट्या कृमींचा, विशेषतः यकृतातील पर्णकृमींचा येतो. त्यांची अळी पाण्यातील गोगलगाईत वाढते, बाहेर पडून गवताला चिकटते, आणि पाणी ओसरू लागले की नेमक्या त्याच हिरव्या काठावर जनावरे तोंड घालतात.

आयव्हरमेक्टिनचा या कृमींवर काहीच परिणाम होत नाही, शिवाय त्याचा अंश दुधात बरेच दिवस उतरतो, म्हणून दुभत्या गाईला ते नको. अल्बेंडाझोल गोलकृमींसाठी किलोमागे ७.५ आणि प्रौढ पर्णकृमींसाठी १० मिलिग्रॅम लागते. मात्र गर्भात व्यंग येण्याचा धोका असल्याने रेतन झालेल्या गाईला ते मुळीच देऊ नये. सुजलेल्या गाईसाठी ऑक्सिक्लोझानाइड या पर्णकृमींवरील औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. तेही मुख्यतः प्रौढ कृमींवरच चालते, त्यामुळे आज दिलेल्या मात्रेतून वाचलेले कोवळे कृमी पुढे मोठे होतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा औषध द्यावे लागते. दवाखान्यात शेण देताना पर्णकृमींचा संशय आवर्जून सांगावा, कारण त्यांची अंडी जड असल्याने तरंगवून पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती सहसा सापडत नाहीत.

उत्तर – म्हैसपालक, साकोली

वजन अंदाजाने धरू नये. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ६६० केले की किलोतले वजन जवळपास कळते. घेर ६६ आणि लांबी ५४ इंच असल्यास ते सुमारे ३५६ किलो भरते. अशा गाईला पर्णकृमींसाठी अडीच टक्क्यांचे अल्बेंडाझोल साधारण १४२ मिलिलिटर लागेल, आणि त्याऐवजी अर्धी मात्रा पाजली तर कृमी मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

पारडाचे मात्र आजच पाहा. म्हशीच्या दुधातूनच गोलकृमींच्या अळ्या त्याच्या पोटात जातात, म्हणून शेणात अंडी दिसण्याची वाट न पाहता दहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान पहिली मात्रा देतात. पायपेराझिन त्यासाठी चालते.

धानवाला

आभारी आहे. रेतन केलेल्या गाईला तूर्तास काहीच द्यायचे नाही का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

तिचेही शेण तपासून घ्या. गोलकृमी निघाले तर फेनबेंडाझोल गाभण जनावराला चालते. पर्णकृमींवर मात्र त्याचा भरवसा धरू नये. काही न निघाल्यास थांबायला हरकत नाही, परंतु बोडीच्या काठी नेणे आजपासून बंद करून तिला गोठ्यात वाळलेली वैरण द्यावी. दूध विकत असाल तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दूध वर्ज्य करण्याचे दिवस पाळा.