31 शॉर्ट कॉर्नर आणि गोल फक्त 3, आमच्या कॉलेजच्या हॉकी टीमचं नेमकं कुठं चुकतंय?

फर्स्टशिफ्ट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी खेळाडू नाही, बघणारा माणूस. कॉलेज सोडून सहा वर्षं झाली, गोकुळ शिरगावात फौंड्रीत कामाला आहे, पण कॉलेजच्या हॉकी टीमची मॅच असली की मला घरात बसवत नाही. यंदा मॅचच्या आठवड्यात सुपरवायझरला विनंती करून फर्स्ट शिफ्ट मागून घेतली, तीनला सुटायचं, गाडी काढायची आणि डबा तसाच पाठीला लावून थेट ग्राउंड. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरांना कुणी नावं ठेवायला नकोत, या पोरांवर माझा जीव आहे.

तर सीझन असा. झोनलला तीन मॅच, 4-0, 2-1, 1-0, तिन्ही जिंकल्या. इंटरझोनलला सेमीफायनल 3-1. सांगलीची टीम होती, तगडी, पहिल्या क्वार्टरला आमच्या पोरांना बॉल पण दिसू दिला नाही, पण आमचा सेंटर हाफ असा काय उभा राहिला की बघत रहावं, बारका पोरगा आहे, वजन असेल पन्नास किलो, पण बॉल त्याच्यापाशी आला की गडबड संपली. मग फायनल. 1-1. शूटआऊटला गेलो आणि 3-2 ने हरलो.

हरल्याचं दुःख आहेच पण मला खरं खातंय ते वेगळं. मी वही ठेवतो प्रत्येक मॅचची. शॉर्ट कॉर्नर म्हणजे समोरच्यानं डी मध्ये (गोलपुढचा अर्धगोल) चूक केली की मिळणारी संधी, एक जण गोलच्या लाईनीवरनं बॉल पुश करतो, दुसरा डीच्या बाहेर थांबवतो, तिसरा मारतो. पाच मॅचमध्ये आपल्याला असे कॉर्नर मिळाले 4, 6, 5, 7 आणि फायनलला 9, म्हणजे 31. त्यातनं गोल 3. फायनलच्या नऊ मधून शून्य. बाकीचे आठ गोल फिल्ड गोल आहेत, म्हणजे पोरं डी मध्ये घुसतात, कॉर्नर काढतात, आणि कॉर्नर मिळाला की तिथंच गाडी अडकते.

आणि फायनलला शेवटची दोन मिनिटं राहिलेली, शॉर्ट कॉर्नर, पुश चांगला आला, थांबवला चांगला, आमच्या फुलबॅकनं काय हाणलाय म्हणता, गोलीच्या खांद्यावरनं जाळीत! आम्ही चाळीस-पन्नास जण होतो, सगळे उठून नाचायला लागलो, आणि अंपायरनं गोल दिलाच नाही. कुणाला लागलं नाही, पाय नाही, काय नाही. पोरं पण जास्त भांडली नाहीत, गप मागं फिरली. मला आजवर कळलेलं नाही तो गोल का दिला नाही. जाणकारांनी सांगा. आणि कॉर्नरचं काय करायचं ते पण सांगा, पुढच्या सीझनला यातली सात पोरं राहणार आहेत.

जुना_फुलबॅक_लाईनबाजार

भावा, अंपायर बरोबर होता. वाईट वाटंल पण बरोबर होता.

शॉर्ट कॉर्नरला पहिला फटका जर हिट असंल तर बॉल गोललाईन ओलांडताना फळीच्या वर असून चालत न्हाई. गोलच्या आत मागं जी फळी असती ना, ती 46 सेंटीमीटर उंच, म्हंजे गुडघ्याच्या आसपास. हिटनं गोल करायचा तर त्या उंचीच्या आतच गेला पायजे. तू म्हणतोस खांद्यावरनं गेला, मग विषयच संपला. हां, हिट न मारता स्टिकनं उचलून टाकला, म्हंजे फ्लिक केला, स्कूप केला तर कितीबी उंच चालतंय, तिथं ही अट न्हाई. आणि हिटच्या आधी बॉल डीच्या भाईर जाऊन आला पायजे हे तर तुला म्हाईत असंलच.

आमच्या वेळी लाईन बाजारात सकाळी सहाला मातीत पाणी मारून खेळायचो. आमच्या मास्तरांनी एकच शिकवलं, हिट मारल्यावर फळीचा आवाज आला पायजे. धाड करून आवाज आला की न बघता समजायचं गोल. जाळी हालली तर शिव्या बसायच्या. त्या आवाजासाठी आम्ही मरायचो बघ. आजबी मॅच बघाय गेलो आणि तो आवाज आला की अंगावर काटा येतोय.

आता मला एक सांग. तुझ्या कॉलेजच्या ग्राउंडवर गोलला फळी हाय का?

लेफ्टइन_ताई

काकांनी नियम सांगितलाच, मी ड्रॅग फ्लिकबद्दल लिहिते, म्हणजे कॉर्नरला बॉल स्टिकनं ओढत आणून गोलमध्ये फेकायचा फटका. मी शिवाजी विद्यापीठाच्या इंटरझोनलला तीन वर्षं खेळलेय, आता शाळेत पोरींना शिकवते.

पॅरिस ऑलिंपिकला 2024 ला आपण स्पेनला 2-1 ने हरवून ब्राँझ घेतलं, ते दोन्ही गोल कॅप्टन हरमनप्रीत सिंगचे आणि दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे शॉर्ट कॉर्नरवरच. अख्ख्या स्पर्धेत त्याचे 10 गोल. म्हणजे कॉर्नर घेणारा एक माणूस असला की टीम कुठल्या कुठं जाते. त्यामुळे दादा तुमची वही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवतेय.

पण लगेच उद्यापासून पोरांना ड्रॅग फ्लिक करायला लावू नका. एक तर त्याला स्टिक वेगळी लागते, लो बो म्हणतात, तिचा बाक खाली टोकाकडं असतो, त्यात बॉल बसतो आणि मागून ओढत आणता येतो. साध्या स्टिकनं बॉल मधेच निसटतो. दुसरं, तो फटका हाताचा नाहीच, पायांचा आणि कमरेचा आहे. डावा पाय लांब टाकायचा, खाली बसायचं, बॉल उजव्या पायाच्या मागून उचलायचा आणि सगळं अंग फिरवून सोडायचा. हे नीट न शिकता रोज शंभर-शंभर मारले की पाठ जाते, माझ्याबरोबरची एक मुलगी विसाव्या वर्षी कमरेला पट्टा लावून बसली. आठवड्यातून दोन-तीन दिवस, थोडेच, आणि आधी पोट-पाठीचा व्यायाम.

आणि एक विचारायचं होतं, पोरं प्रॅक्टिस कशावर करतात? माती का टर्फ? कारण मातीवर पुश उड्या मारत येतो, थांबवणारा स्टिक थोडी सैल धरून वाट बघतो. टर्फवर बॉल सरळ आणि फास्ट येतो, तिथं तेवढी वाट बघितली की समोरचा धावत अंगावर आलाच. तुमचे निम्मे कॉर्नर तिथंच गेले असतील असं मला वाटतंय.

फर्स्टशिफ्ट_कोल्हापूर

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगतो पाच मिनिटं तसाच बसलो. नाही. फळी नाही. कॉलेजच्या ग्राउंडवर लोखंडी पाईपचा गोल आहे आणि मागं जाळी, ती पण खालनं फाटलेली. फळी कधी नव्हतीच. म्हणजे ही पोरं वर्षभर हिट मारतात ते जाळीत कुठं पण गेलं की गोल धरतात! उंची किती असते ते त्यांना दिसतच नाही कधी.

ताई, माती. स्पर्धेच्या आधी दोन दिवस टर्फ मिळतं, तेवढंच. आणि तुमचं थांबवायचं म्हणणं वहीत बघितलं, मी प्रत्येक कॉर्नरपुढं काय झालं ते लिहिलंय. 31 मधले 12 थांबवतानाच गेले. बारा! मी लिहून पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पॅडवाला_गोली

मी गोलकीपर, त्यामुळं उलट्या बाजूनं सांगतो. ताईंचं सगळं मान्य पण माझं मत थोडं वेगळं आहे, कॉलेजच्या टीमनं ड्रॅग फ्लिकच्या मागं लागू नये. चांगला फ्लिकर तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर पोरगं पास होऊन निघून जातं. मला गोलमध्ये उभा असताना सगळ्यात भीती कशाची वाटते सांगू का, व्हेरिएशनची. आम्ही मागं पाचच जण असतो गोलीला धरून, बाकीचे सहा सेंटरलाईनवर. पुश सुटला की आमचा एक जण सरळ हिटरवर पळतो. अशात थांबवणाऱ्यानं बॉल हिटरला न देता बाजूला सरकवला, किंवा हिटरनं जोरात न मारता पुश देणाऱ्याकडंच परत खाली ढकलला आणि त्यानं नुसती स्टिक लावली, की मी संपलो. माझं अख्खं अंग एका बाजूला गेलेलं असतं. त्याला ताकद लागत नाही, लो बो लागत नाही, फक्त तीन पोरांचा एकमेकांवर भरवसा लागतो आणि तो रोज वीस मिनिटं देऊन येतो.

शूटआऊटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकटा खेळाडू, समोर गोली, 23 मीटरच्या लाईनवरनं सुरू, गोल करायला आठ सेकंद. पोरं घाबरून चौथ्या सेकंदालाच मारतात. आठ सेकंद लय असतात हो! मी गोली म्हणून वाटच बघत असतो कधी हा घाई करतोय. तुमच्या पोरांना हातात घड्याळ धरून मोठ्यानं आकडे मोजत प्रॅक्टिस द्या, शरीराला आठ सेकंद किती असतात ते कळू द्या.

आणि तुमच्या गोलीला माझा नमस्कार सांगा. पाच मॅचमध्ये फक्त तीन गोल खाल्ले त्यानं, तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीत 🙏

फर्स्टशिफ्ट_कोल्हापूर

चुकलं दादा, मनापासून. तो पोरगा गडहिंग्लजकडचा आहे, होस्टेलला राहतो, पॅड कॉलेजचे जुने, त्याचा डावा किकर (बुटावरचं पॅड) दोरीनं बांधलेला असतो. सेमीफायनलला त्यानं पाठोपाठ दोन कॉर्नर अडवले, दुसरा तर आडवा पडून, स्टिकच्या टोकानं. तुमचा नमस्कार पोचवतो त्याला.

शाहूस्टेडियम_पूर्वबाजू

मी फुटबॉलवाला. आमच्यात केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगला पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमला बसायला जागा मिळत नाही, आणि हितं फायनलला चाळीस-पन्नास माणूस? ह्ये बरोबर न्हाई गड्या. कोल्हापूरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं स्टेडियम हाय आणि आपली पोरं फायनल खेळत्यात तरी आपल्याला पत्त्या न्हाई. मला हॉकीतलं काय कळत न्हाई, आज हा धागा वाचून पयल्यांदा शॉर्ट कॉर्नर कळला. पण पुढच्या सीझनची मॅच कधी हाय तेवढं हितं टाक, आमच्या तालमीची वीस-पंचवीस पोरं घेऊन येतो, हलगी बी आणतो. पोराला मागनं आवाज असला की पायात बळ येतंय, ह्ये खेळ कुठला बी असू दे.

जुना_फुलबॅक_लाईनबाजार

हलगी आणाच. पण कॉर्नरच्या टायमाला बंद ठेवा, पोरांना एकमेकांची हाक ऐकू आली पायजे.

फर्स्टशिफ्ट, गोलकीपर सांगतोय ते लिहून घे. ताई सांगत्यात ते पण. भांडण न्हाई दोघांत. ज्या पोराचं पयलं वर्ष हाय त्याला फ्लिक शिकवायला सुरू करा, तवर बाकीच्यांनी व्हेरिएशन बसवा. आणि हिट सोडू नका, तुमच्याकडं एवढा दणकट फुलबॅक हाय. त्याला फक्त फळी द्या.

फर्स्टशिफ्ट_कोल्हापूर

परवा त्या फुलबॅकला भेटलो, दसरा चौकात चहा घेतला. फायनलनंतर तो आठ दिवस ग्राउंडवर आलेला नव्हता. त्याला वाटत होतं सगळी टीम त्याच्यामुळं हरली. नियम त्याला माहीत आहे, पाठ आहे, तो मला म्हणाला, "दादा, 46 सेंटीमीटर म्हंजे लांबनं बघताना किती ते मला अंगानं कधी कळलंच नाही." मी त्याला हा सगळा धागा दाखवला, वाचत बसला, काका तुमचं फळीच्या आवाजाचं दोनदा वाचलं त्यानं.

मग मी काल कामावर आमच्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींना विचारलं. साच्यासाठी लाकडी पॅटर्न बनवतात ते, त्यांच्या हाताला मिलिमीटरची चूक होत नाही. मालकांना विचारून जुन्या पेट्यांच्या फळ्या घेतल्या, मालक म्हणाले न्या, पैसे नकोत. मागची फळी 3 मीटर 66 लांब, 46 सेंटीमीटर उंच. बाजूच्या दोन, 1 मीटर 20 लांब. दोन्ही गोलला करायच्या म्हणून दोन सेट. टर्फचं बोलायला क्रीडाशिक्षकांना भेटणार आहे, आठवड्यातनं एक सकाळ जरी मिळाली तरी थांबवायची प्रॅक्टिस होईल. ताई, एखाद्या रविवारी येऊन पोरांना फ्लिकचा पाय कसा टाकायचा तेवढं दाखवाल का? पेट्रोलचं मी बघतो.

रविवारी सकाळी साडेसहाला फळ्या बसवतोय, छोटा हत्ती सांगितलाय. काका, रंग कुठला देऊ?

लेफ्टइन_ताई

येते. पेट्रोल नको. माझ्या दोन मुली पण घेऊन येते, त्या पुश चांगला देतात, तुमच्या पोरांना फास्ट बॉल थांबवायची सवय होईल.

जुना_फुलबॅक_लाईनबाजार

आतल्या बाजूनं गडद रंग दे, पांढरा बॉल उठून दिसतोय. आणि फळी जमिनीला टेकवून बसवा, खाली फट ठेवू नका, न्हाईतर बॉल अडकतोय आणि आवाज मरतोय. मी सहालाच येतो. त्या पोराला सांग, पयला हिट मी बघणार हाय.