कोटा मोजायला स्वतःचं कर्नल मॉड्यूल लिहावं का?

शाहूपुरी_नेट:
कोल्हापुरात आमची इंटरनेट सेवा आहे; शाहूपुरी, राजारामपुरी आणि कळंबा मिळून १२०० पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत) ग्राहक एकाच सर्व्हरवर आहेत. डेबियन १२, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१, अ‍ॅक्सेल-पीपीपी (ग्राहकांची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम), १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. रात्री ट्रॅफिक ३ गिगाबिटपर्यंत चढतो. आता ग्राहकाचा कोटा संपला की स्पीड आपोआप २ एमबीपीएसवर आणायचा आहे. प्रोग्रामर म्हणतो, नेटफिल्टरच्या हुकवर (कर्नलमध्ये पॅकेट तपासायची जागा) मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोड) लिहू, त्यातूनच बिलिंगच्या डेटाबेसला विचारू, आणि पुढं ते मूळ लिनक्समध्ये पाठवू म्हणजे सांभाळायची कटकट मिटेल. करावं का?

पंचगंगा_पॅकेट:
नको. तो हुक बहुतेक वेळा सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलच्या तातडीच्या कामांत) चालतो आणि तिथं थांबायला परवानगीच नाही. डेटाबेसच्या उत्तरासाठी कोड झोपला की लॉगमध्ये 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' येणार आणि सर्व्हर गोठला तर १२०० घरांचं नेट एकदम बंद. हाच घोळ यूजरस्पेसच्या (कर्नलबाहेर चालणाऱ्या) प्रोग्रामने घातला तर सिस्टमडी (सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) त्याला पुन्हा उभं करतं, नेट चालूच राहतं.

पीपीपीओईचंच बघा की. डिस्कव्हरी, लॉगिन, पासवर्ड हे सगळं यूजरस्पेसमध्ये. सेशन जुळल्यावर पॅकेट वाहायचं काम तेवढं कर्नलकडे. दर पॅकेटला करावं लागतं ते आत, कधीतरी करायचं ते बाहेर. कोटा महिन्यातून एकदा संपतो, त्याचा निर्णय कर्नलने कशाला घ्यायचा?

मोजणी तर आधीच होतेय. प्रत्येक पीपीपी इंटरफेसचे बाइट कर्नल मोजतोच, अ‍ॅक्सेल-पीपीपी ते रेडियसला (ग्राहकांचं लॉगिन आणि हिशेब ठेवणारा सर्व्हर) कळवतं. इंटरिम अपडेट (मधूनमधून हिशेब कळवणं) ३०० सेकंदांचं असेल तर १०० एमबीपीएसचा ग्राहक मधल्या वेळात पावणेचार जीबी जादा ओढू शकतो; ६० सेकंद ठेवा, म्हणजे ७५० एमबी. ऑक्टेटचा (बाइटचा) आकडा ३२ बिटी असतो, ४ जीबीला परत शून्यावर येतो, म्हणून गिगावर्ड्सही (किती वेळा शून्यावर आला तो आकडा) बेरजेत धरा. आणि 'इनपुट' म्हणजे ग्राहकाचा अपलोड, हे उलटं धरून बिलं चुकतात. कोटा संपला की रेडियसकडून सीओए (चालू सेशनची सेटिंग बदलायचा संदेश) पाठवा, यूडीपी पोर्ट ३७९९. सेशन न तोडता स्पीड बदलतो.

रंकाळा_रूट:
वरचं पटलं, पण 'सगळं बाहेर काढा' असाही अर्थ घेऊ नका. ३ गिगाबिट आणि सरासरी ९०० बाइटचं पॅकेट धरलं तर सेकंदाला सुमारे ४ लाख १७ हजार पॅकेट होतात. एनएफक्यू (पॅकेट यूजरस्पेसकडे पाठवणारी रांग) लावून प्रत्येक पॅकेट यूजरस्पेसला दाखवायला गेलात तर १०२४ पॅकेटची डिफॉल्ट रांग अडीच मिलिसेकंदांत भरते. शिवाय बायपास (प्रोग्राम नसेल तर पॅकेट पुढं सोडायचा पर्याय) दिला नसेल आणि तो प्रोग्राम मेला, तर त्या रांगेचं प्रत्येक पॅकेट टाकून दिलं जातं.

कोटा बाजूला राहू दे, तुमचा खरा खोळंबा वेगळाच निघायची शक्यता आहे. पुष्कळ कार्डांना पीपीपीओईच्या आतला आयपी वाचता येत नाही, म्हणून ग्राहकांकडून येणारा सगळा ट्रॅफिक एकाच रिसीव्ह क्यूवर (येणाऱ्या पॅकेटच्या रांगेवर) पडतो. एक कोअर १०० टक्के, बाकीचे निवांत. टॉप कमांडमध्ये १ दाबून 'एसआय'चा (सॉफ्टआयआरक्यूचा) रकाना बघा. तसं असेल तर आरपीएस (कर्नलने पॅकेट वेगवेगळ्या कोअरला वाटणं) चालू करा, कर्नलला आतला आयपी वाचता येतो.

दर पॅकेटला खरंच नवीन काही करायचं असेल तर मॉड्यूलऐवजी टीसीच्या (ट्रॅफिक कंट्रोलच्या) हुकवर ईबीपीएफ (कर्नलमध्ये तपासून चालवला जाणारा छोटा प्रोग्राम). त्याचा तपासनीस, म्हणजे व्हेरिफायर, गडबडीचा कोड लोडच होऊ देत नाही. एक्सडीपी (कार्डाच्या ड्रायव्हरपाशीच चालणारं ईबीपीएफ) मूळ पोर्टवर लावलात तर पीपीपीओईचे ८ बाइट स्वतः ओलांडावे लागतील, आणि तिथं टाकून दिलेलं पॅकेट टीसीपीडम्पला (पॅकेट बघायच्या टूलला) दिसत नाही. मग शोधत बसा!

उद्यमनगर_सी:
मूळ लिनक्समध्ये पाठवायचं म्हणताय, तर नेटडेव्हवर (लिनक्स नेटवर्किंगच्या मेलिंग लिस्टवर) पहिला प्रश्न येईल: हे एनएफटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) किंवा ईबीपीएफने का होत नाही? दुसरा: तुमच्याशिवाय कोणाला लागतंय? तुमच्याकडे दोन्हींचं उत्तर नाही. वायरगार्ड (व्हीपीएन) मार्च २०२०मध्ये कर्नल ५.६ मध्ये आलं ते दर पॅकेटचं एन्क्रिप्शन आत आणि किल्ल्या सांभाळणारं टूल बाहेर, अशी वाटणी असल्यामुळे. कोडही सुमारे ४००० ओळींचाच. लिनक्स २.४मध्ये तर कर्नलच्या आत वेब सर्व्हर होता, केएचटीटीपीडी. पुढच्या मालिकेत काढून टाकला.

आत गेलं म्हणजे कटकट मिटली असंही नाही, भावा. नेटलिंकचा (कर्नल आणि यूजरस्पेसमधल्या संवादाचा) अ‍ॅट्रिब्यूट एकदा रिलीज झाला की त्याचा अर्थ बदलता येत नाही. आणि वाली उरला नाही तर कोड बाहेर: डेकनेट (जुना नेटवर्क प्रोटोकॉल) कर्नल ६.१मध्ये असंच गेलं.

मॉड्यूल स्वतःकडेच ठेवलं तरी सुटका नाही. कर्नलच्या आतल्या फंक्शनांची कोणी हमी देत नाही. अपडेटनंतर डीकेएमएसचा (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या टूलचा) बिल्ड फसला की सर्व्हर मॉड्यूलशिवाय उठतो, नेट झकास चालतं आणि मोजणी मात्र शून्य. ते कळतं महिनाअखेरीस, बिल काढताना.

शाहूपुरी_नेट:
आभारी आहे. मॉड्यूल रद्द. रिचार्ज संपलेल्यांना पैसे भरायचं पान दाखवायचं आहे, तेही रेडियसवरूनच?

पंचगंगा_पॅकेट:
हो. रेडियसने त्यांना वेगळ्या आयपी पूलमध्ये (पत्त्यांच्या गटात) टाकायचं आणि एनएफटेबल्समध्ये त्या पूलचं फक्त पोर्ट ८० (साधं एचटीटीपी) आपल्या पानाकडे वळवायचं. ४४३ (एचटीटीपीएस) वळवू नका, ब्राउझर सर्टिफिकेटची चूक दाखवतो आणि फोन तुम्हालाच येतात. डीएनएस आणि पेमेंट गेटवेचे पत्ते मात्र उघडे ठेवा, नाहीतर पान दिसेल पण पैसे भरता येणार नाहीत.