कैदेतल्या माणसाला घरची वाईट बातमी कळवावी का?

संत्रा_बर्फी: काल घरी यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथे टाकतोय. आबा ७१च्या लढाईत पश्चिम आघाडीवर पकडले गेले, पाकिस्तानातल्या लायलपूरच्या कॅम्पात होते, १ डिसेंबर १९७२ला वाघ्यावरून परत आले. मधात फेब्रुवारीत त्यांची माय इकडे कामठीला वारली. पणजोबांनी सगळ्यांना दम भरला, कळवायचं नाही. मग तो येईपर्यंत रेडक्रॉसमार्फत "माय बरी आहे" अशीच पत्रं जात राहिली. माझ्या मते चूकच. घरचं म्हणून त्या माणसाजवळ तेवढा एक कागद, अन तोही खोटा.

इतवारीकर: काहीही बोलून राहिला बे. मातीला येता येत नाही, तेरवीला बसता येत नाही, तिथं कळवून काय भेटणार होतं? डोकं फिरून पळायला गेला असता तर गोळीच. पारुळकर अन त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट ७२ला रावळपिंडीच्या कॅम्पाची भिंत फोडून निघाले, पार अफगाण सरहद्दीजवळ पोचून पकडले गेले, अन ते तर वायुदलाचे पायलट होते.

धंतोलीची_ताई: मला नाही पटत. १९४९च्या जिनिव्हा करारात कैद्याच्या टपालावर मर्यादा घातली तरी महिन्याला किमान २ पत्रं अन ४ कार्डं लिहू द्यायची असं आहे, टपालखर्च माफ, खूप दिवस खबर नसेल तर तारसुद्धा. एवढा आटापिटा घरून खोटं यावं म्हणून केला का?

इतवारीकर: ताई, करार शत्रूसाठी असतो, बापासाठी नाही.

कामठीवाला: उलटं बघा ना. ७१च्या लढाईतून परत न आलेल्या मेजर अशोक सुरींच्या वडलांना १९७५ला कराचीहून चिठ्ठी आली, मुलाचंच अक्षर म्हणत ते शेवटपर्यंत दारं ठोठावत राहिले. घरच्यांना तिकडची खरी खबर पाहिजे, मग तिकडच्याला इकडची का नको?

संत्रा_बर्फी: आज सकाळी आबांनाच विचारलं. माय शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची अन शेवटी हटकून "वेळेवर जेवत जा" असायचं. एप्रिलपासून ते वाक्य गेलं. आबांना तेव्हाच कळलं.

इतवारीकर: मग झालं ना! काय बिघडलं?

संत्रा_बर्फी: बिघडलं कसं नाही, महिनोन्‌महिने एकटा मनात घेऊन बसला तो माणूस. डोकं भादरून घेतलं अन बराकीत सांगितलं उवा झाल्या. अन घरी काय लिहायचे तर "मायला सांगा, वेळेवर जेवतो".

धंतोलीची_ताई: अरे देवा. परत आल्यावर पणजोबांना बोलले का मग?

संत्रा_बर्फी: नाही ना. बसस्टँडवर बापानं रडत रडत सांगितलं अन हे आत्ताच कळल्यासारखे मटकन खाली बसले. आबा म्हणे, बुढ्याला वाईट वाटलं असतं.