पॅक-१२ चे हक्क: पाच कोटींची मागणी रास्त होती की नुसत्या बाजारात तुरी?

हिशेबनीस

पॅक-१२, म्हणजे मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा क्रीडागट, नव्याने उभी राहतेय आणि चाहत्यांचा जुना उद्योग पुन्हा जोरात आहे: टीव्ही हक्कांचे आकडे ठोकून देणं. सीबीएस वाहिनीबरोबरचा करार जून २०२५ मध्ये जाहीर झाला, मागाहून सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्क या वाहिन्याही आल्या. रक्कम मात्र कुणी उघड केलेली नाही. त्यामुळे ओरेगनपासून टेक्सासपर्यंत जो तो आपल्या मनातला भाव सांगतोय.

ज्यांना या खेळाचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे (अमेरिकन फुटबॉल, मेस्सीचा नव्हे) हक्क कुठलंही केंद्रीय मंडळ विकत नाही. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापला माल विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. आयपीएलचा ई-लिलाव झाला की आकडा गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होतो. इथे सगळी घासाघीस बंद दाराआड.

माझं म्हणणं असं की जुनी पॅक-१२ याच अंदाजबाजीने बुडाली. फरक एवढाच की ती करणारे चाहते नव्हते, विद्यापीठांचे अध्यक्ष होते. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं, म्हणजे लॉस एंजेलिस गेलं. उरलेल्या दहांना ईएसपीएन ही क्रीडावाहिनी विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी डॉलर द्यायला तयार होती, अशा बातम्या पुढे आल्या. अध्यक्षांनी मागितले ५ कोटी. ईएसपीएनने नाद सोडला. आता गुणाकार करा. दहा जणांचे ५० कोटी वर्षाला. २०११ चा करार बारा वर्षांचा, साधारण ३०० कोटींचा. म्हणजे वर्षाला २५ कोटी, बारा जणांत, लॉस एंजेलिस धरून. मोठं शहर हातचं जातं आणि भाव दुप्पट होतो, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

रात्रपाळी

साफ असहमत. २०११ चा भाव २०२२ ला लावायचा तर मग बिग १२ या कॉन्फरन्सचं काय? त्यांची टेक्सास आणि ओक्लाहोमा ही दोन्ही दुभती विद्यापीठं एसईसी या तिसऱ्याच कॉन्फरन्सकडे निघालेली. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांकडून सहा वर्षांचे २२८ कोटी मिळवले. वर्षाला ३८ कोटी, बारांनी भागा: प्रत्येकी ३ कोटी १७ लाख. टेक्सासशिवाय! तेव्हा ‘मोठं शहर गेलं’ ही सबब चालणार नाही.

फरक मालात नव्हता, चपळाईत होता. पॅक-१२ चा करार २०२४ ला संपणार होता, बिग १२ चा २०२५ ला. म्हणजे आधी नंबर पॅकचा. पण बिग १२ चे कमिशनर, म्हणजे प्रमुख, ब्रेट यॉरमार्क रांग मोडून पुढे घुसले आणि सौदा करून मोकळे झाले. पॅकचे जॉर्ज क्लियाव्हकॉफ जुलै २०२३ पर्यंत सांगत होते की जितकं थांबू तितके पर्याय चांगले होतील.

आणि रात्रीचा सामना विसरलात? पॅसिफिक वेळेने साडेसातला सुरू होणारा, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये साडेदहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे पुण्यात रविवारी सकाळी आठ. मी हा खेळ शिकलो तो याच सामन्यांवर. त्या वेळी देशातले बाकी बहुतेक सामने संपत आलेले असतात. ईएसपीएनला ती जागा भरायला पश्चिमेचीच विद्यापीठं लागतात. ५ कोटी ही पहिली मागणी होती हो, पहिली मागणी चढीच असते.

हिशेबनीस

चढी मागणी दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असताना करतात. फॉक्सने बिग टेनवर आधीच थैली रिकामी केली होती. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी मिळून सात वर्षांचे ७०० कोटींच्या वर. ॲमेझॉन एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, गुरुवारच्या सामन्यांत गुंतलेलं. उरलं कोण?

टेम्पेकर

उरलं ॲपल, आणि तिथेच खरी गंमत आहे. मी टेम्पेच्या ॲरिझोना स्टेटचा माजी विद्यार्थी, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

१ ऑगस्ट २०२३ ला अध्यक्षांसमोर ॲपलचा प्रस्ताव आला. बातम्यांनुसार विद्यापीठामागे हमीचे २ कोटी ३० लाखांच्या आसपास, आणि वर्गणीदार वाढतील तसा वाटा वाढणार. वेळ बघा. जुलैमध्ये मेस्सी इंटर मायामीत आलेला, ॲपलकडे एमएलएस या तिथल्या सॉकर लीगचे दहा वर्षांचे हक्क, वर्गणीदारांची चर्चा सगळीकडे. आमचे अध्यक्ष मायकेल क्रो या प्रस्तावाच्या बाजूचे होते. मीही असतो. पण हातचा पैसा आणि ‘वाढला तर’ मिळणारा पैसा यात कुठलाही खजिनदार काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट, पॅकला या स्वप्नाने एकदा चांगलंच पोळलं होतं. २०१२ मध्ये तेव्हाचे कमिशनर लॅरी स्कॉट यांनी पॅक-१२ नेटवर्क ही स्वतःची वाहिनी काढली, पूर्ण मालकी कॉन्फरन्सची, कुणाची भागीदारी नको. डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीशी मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. अमेरिकेतले स्पोर्ट्स बार बहुतेक डायरेक्टीव्हीवर चालायचे. म्हणजे स्टेडियमपासून दोन चौक अंतरावरच्या बारमध्ये भिंतभर टीव्ही, त्यांवर दुसऱ्या कॉन्फरन्समधलं अलाबामा दिसतंय, ओहायो स्टेट दिसतंय, आणि समोरच्या मैदानातला सामना नाही! त्यावर कळस म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला बाहेर आलं की कॉमकास्ट या केबल कंपनीकडून वर्षानुवर्षं जादा पैसे आले होते आणि ते परत करायचे आहेत, ५ कोटींच्या आसपास. ज्यांना आलेल्या पैशाचा हिशेब ठेवता आला नाही, ते येणाऱ्या पैशाचा अंदाज बांधत होते.

पुलमनची_थंडी

तुम्ही सगळे सरासरीवर भांडताय. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटवाल्याला विचारा सरासरी काय असते ते.

किंमतपत्रक ४ ऑगस्ट २०२३ ला लागलं. त्या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन (आमचं वॉशिंग्टन स्टेट वेगळं) बिग टेनकडे गेले, सुरुवातीला साधारण ३ कोटींवर, म्हणजे तिथल्या जुन्या सभासदांच्या निम्म्यावर. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये, पूर्ण वाट्याने; कोलोरॅडो आठवडाभर आधीच तिकडे गेलेलं. स्टॅनफर्ड आणि कॅल सप्टेंबरमध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये, सात वर्षं ३० टक्के वाट्यावर. नकाशा काढून बघा, स्टॅनफर्ड आणि अटलांटिक! उरलो आम्ही आणि ओरेगन स्टेट. आमचा भाव कुणी विचारलासुद्धा नाही.

म्हणजे दहांपैकी सहा जण ३ कोटींचे, दोघं सवलतीचे, दोघं बेवारस. या दहांना एकाच ५ कोटींच्या पाटीखाली बसवलं तर कोण घेणार? आम्ही कोर्टात गेलो, कॉन्फरन्सचा ताबा आणि उरलेली मालमत्ता मिळवली, त्यावर ही नवी इमारत उभी आहे. आम्हा दोघांबरोबर आता बोईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि गोंझागा.

रात्रपाळी

तुमचं दुःख कळतं, निष्कर्ष पटत नाही. बिग १२ च्या करारातच कलम होतं की मोठ्या कॉन्फरन्समधून कुणी आलं तर वाहिन्यांनी त्याला तेवढाच वाटा द्यायचा. ॲरिझोनाला ३ कोटी १७ लाख मिळाले ते कलमामुळे. त्याला बाजारभाव म्हणू नका.

आणि पॅकचा शेवटचा हंगाम आठवा. प्रशिक्षक डिऑन सँडर्सचं कोलोरॅडो, पहिल्याच सामन्यात टीसीयू विद्यापीठाला ४५-४२ ने हरवलं. पुढे कोलोरॅडो स्टेटविरुद्धचा सामना पूर्वेकडे मध्यरात्रीनंतरही चालू होता आणि ईएसपीएनवर सरासरी ९३ लाख लोक जागे! वॉशिंग्टन तर थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं. हा माल कवडीमोल होता म्हणता?

हिशेबनीस

कवडीमोल म्हटलंच नाही. ३ कोटींचा होता म्हटलं. आणि ते ९३ लाख सप्टेंबरमधले, सौदा फिसकटला ऑगस्टमध्ये.

नर्मदेचा_गोटा

पुण्यात आणि फिनिक्समध्ये बसून दुसऱ्याच्या पैशावर तावातावाने भांडणाऱ्या सर्वांस दंडवत. एक शंका. स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलच्या मुली आता सामने खेळायला नॉर्थ कॅरोलिनापर्यंत जातात. तो विमानखर्च आणि बुडालेले तास कुठल्या रकान्यात लिहिता? विद्यापीठं आहेत ना ही?

टेम्पेकर

शंका रास्त आहे, पण आता ते नुसतं ‘दुसऱ्याचे पैसे’ राहिलेलं नाही. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. टीव्हीचा वाटा कमी असला की ती मर्यादा नुसती कागदावर, आणि चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मुख्य खेळाडू, पुढच्या हंगामात दुसरीकडे. म्हणून पुलमनवाले आकड्यासाठी एवढे कासावीस आहेत.

पुलमनची_थंडी

कासावीस वगैरे काही नाही. पण एक सांगतो, जे लोक नव्या पॅकचा अंदाज काढताना आठने भागतायत, त्यांचं मुळातच चुकतंय. फुटबॉलचे आठ हे खरं, पण गोंझागा फुटबॉल खेळत नाही आणि तरी सभासद आहे. त्यांचं बास्केटबॉल जानेवारी-फेब्रुवारीत असतं, कॉलेज फुटबॉल संपल्यावर. वाहिनीला तेव्हाही काहीतरी दाखवायचंच असतं. गोंझागाचा वाटा धरल्याशिवाय कसला हिशेब?

हिशेबनीस

नऊने भागतो, माझी ना नाही. पण भागायचं कशाला? जी भागायची ती रक्कम अजून सीबीएसच्या कपाटात आहे.

रात्रपाळी

माझा अंदाज विचारत असाल तर

हिशेबनीस

नाही विचारत.